शीदादाची सीता

कुठलीही गोष्ट पहिल्यांदा बघितली की त्याच्या तोंडून एकच अक्षर बाहेर पडे, "शी!" मग ती नवी सायकल असो, कोणाची नवी नवरी असो, नाहीतर नव्या जिल्ह्याची नवी कचेरी असो. ओरोसला कचेरीची इमारत उभी राहत होती तेव्हा आजूबाजूच्या गावांतून माणसं कौतुकाने बघायला जात. हाही गेला आणि परत येऊन कसालच्या तिठ्यावर चहा पिता पिता म्हणाला, "शी! माणसांसाठी बांधतत काय फायलींसाठी?" पोरांनी त्याचं नाव शीदादा ठेवलं होतं. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण त्याला ते ठाऊक होतं. "बरां आसा," तो म्हणे, "आवशीन ठेवलेल्या नावापेक्षा खरां आसा."

मी तेव्हा कसालच्या हायस्कुलात चित्रकलेचा मास्तर होतो. स्नेहसंमेलनाच्या निमित्ताने मुलांच्या चित्रांबरोबर मी माझंही एक जलरंगातलं चित्र सभागृहात टांगलं होतं. मालवणचा किनारा, माड, एक होडी आणि बुडता सूर्य. खांद्याला झोळी लावलेला, बुशशर्ट घातलेला एक चाळिशीचा माणूस त्याच्यासमोर येऊन उभा राहिला.

"शी! ह्यां कोणी काढलां?"

"मी काढलंय."

"मगे परत काढू नका."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आपण कोण, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"मी चित्रां काढतंय. माझो आजो काढी, तेचो आजो काढी. तुमचे आजोबा काय करीत?"

"पोस्टात होते."

"मगे बरोबर. तुमी पोस्टकार्ड काढलास."

त्या दिवशी मी त्याचा मनापासून राग केला. पुढच्या रविवारी त्याच्याच वाडीत त्याच्या पडवीवर बसून पेज आणि सुक्या बांगड्याची किसमूर खात होतो. राग टिकवायला लागणारी शिस्त माझ्यात नाही.

तो ठाकर. सरकारदरबारी आदिवासी, आणि गावकीच्या बोलण्यात 'ते बाहुल्यावाले.' त्यांच्या वाडीत पिढ्यानपिढ्या बाहुल्या नाचवण्याचं आणि चित्रं दाखवून कथा सांगण्याचं काम चालत आलेलं. एका कथेच्या साऱ्या चित्रांचा गठ्ठा म्हणजे पोथी. सांगणारा मांडी घालून बसतो, एकेक पान गुडघ्यावर उभं धरतो, वीणा, टाळ आणि हुडुक नावाचं छोटं चर्मवाद्य यांच्या साथीवर त्या पानातलं गातो आणि पुढचं पान घेतो. पोथी उघडली की कथा पुरी केल्याशिवाय मिटत नाहीत. पान फाटलं, झिजलं, की त्याला हळदकुंकू लावून नदीत सोडतात. गेलेल्या माणसाचं करावं तसं त्याचं करतात.

पण शीदादाला भोळाभाबडा खेडूत कलावंत समजून कोणी येऊ नये. त्याला तो शब्दसुद्धा खपत नसे. तो मुंबईच्या कलाशाळेत शिकायला गेला होता आणि शिक्षण अर्ध्यावर टाकून परत आला होता. "ग्रीक नाक," तो सांगे. "एका प्लास्टरच्या नाकाची सावली काढूक शिकवल्यानी. त्या नाकाक कधी शेंबूड इलो नसतलो. शी!" मात्र तिथे तो जे शिकला ते तो नाकारत नसे. चित्र भिंतीवर कुठल्या उंचीला लावायचं, दोन चित्रांत मोकळी जागा किती सोडायची, उजेड कोणत्या बाजूने घ्यायचा, हे त्याला नेमकं कळे. घमेंड तर इतकी की मोठमोठ्या चित्रकारांचा उल्लेख तो धाकट्या भावंडांसारखा करी.

कसालच्या बाहेर काजूची एक बंद पडलेली भट्टी होती. तीच त्याने आपली प्रदर्शनाची जागा केली. भिंती काजूच्या तेलाच्या धुराने काळ्याकुट्ट झालेल्या, वास असा की दहा मिनिटांत डोकं धरावं. मी म्हटलं, चुना तरी लाव. तो म्हणाला, "पांढऱ्या भिंतीर सगळीच चित्रां शाणी दिसतत. काळ्यार दिसांदे, मगे बघूया." त्या काळ्या भिंतींवर त्याने वाड्यावाड्यांतून गोळा केलेली फाटकी पानं लावली. कुठे अर्धा मारुती, कुठे वाळवीने खाल्लेला रथ, कुठे नुसते दोन हात आणि मधे भोक. मधूनमधून त्याची स्वतःची नवी चित्रं. नाक-डोळ्यांची जुनी रेघ तीच, गेरू आणि काजळीही तीच, पण सुग्रीवाची वानरं किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढताहेत आणि वाली यांत्रिक ट्रॉलरवर उभा राहून त्यांच्या तोंडचा मासा पळवतो आहे. ती पोथी त्याने मालवणला मासळीबाजाराच्या बाहेर मांडून दाखवली. पाटीवाल्या बायका आधी खिदळल्या. मग एकजण म्हणाली, "ह्यो वाली माका वळखीचो दिसता गो," आणि हसणं बंद झालं. सुशिक्षित मंडळींना मात्र रामायणाचा अपमान झालेला दिसला. त्यांनी देवळात सभा घेतली. ट्रॉलरबद्दल त्यांनी कधी सभा घेतल्याचं मला आठवत नाही.

त्याच्या शिसारीत एक प्रतवारी होती. सगळ्यात तळाशी 'आदिवासी संस्कृती' दाखवायला येणारे लोक. एकदा कुठल्याशा सोहळ्यासाठी त्यांच्या वाडीतल्या माणसांना बोलावून एका बाईंनी त्यांच्या कमरेला आंब्याचे डहाळे बांधले आणि डोक्यात कोंबड्याची पिसं खोवली. शीदादा त्यांच्याशी शुद्ध पुस्तकी मराठीत बोलला. अपमान करायचा असला की तो शुद्ध बोले. "बाई, माझे आजोबा धोतर, कोट आणि फेटा घालून कथा सांगायचे. पिसं त्यांनी फक्त कोंबडीवर बघितली. तीही शिजवण्यापूर्वी." बाई हसल्या. त्यांना तो गमतीदार वाटला. हे आठवलं की अजून माझ्या तोंडाला कडू चव येते.

घरात त्याचं भांडण चालायचं ते चुलत्याशी. चुलत्याला सगळी वाडी आबा म्हणे. कथा सांगणारा तो एकच उरला होता, आणि वाडीची मोठी पोथी त्याच्या ताब्यात होती. रामायणाची ती पोथी नवरात्रात गावच्या देवळात सांगायचा त्या वाडीचा मान होता. गावात एरवी ठाकरांना कोणी पुढे बसवत नसे. त्या रात्रींपुरता पाट मिळे, गुरव हाताला धरून आणी, आणि मानकरी खाली बसून ऐकत. ती पोथी पुरी असणं वाडीला किती महत्त्वाचं होतं हे एवढ्यावरून कळावं.

"मेलेली पानां घरात ठेवतंस," आबा पुतण्याला म्हणे. "मढी टांगलंस भिंतीर. शिरा पडो तुज्या त्या भट्टीर!"

"मेलेली नाय आबा, म्हातारी झाली. म्हाताऱ्यांका काय पाण्यात सोडतत? तसां असात तर तुका कधी नेव?"

आबाने हातातली पानाची चंची फेकून मारली होती. त्यानंतर दोघं बरेच दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. जेवायला मात्र एकाच पंगतीत बसत.

मोठ्या पोथीतलं एक पान शीदादाच्या जिवाचं होतं. अशोकवनातली सीता. झाडाखाली ती बसलेली, समोर दहा तोंडांचा रावण, दोघांच्या मधे तिने धरलेली गवताची एक काडी. आबा ते पान धरी तेव्हा शीदादा मला कोपराने ढोसून दाखवी, "तोंड बघू नको, पाय बघ. बोटां बघ कशी जमनीत रुतवल्यान ती." खरंच, त्या सीतेचा सगळा धीर तिच्या पायाच्या बोटांत उतरला होता. ज्या कोणा पणज्याने ते काढलं त्याच्यावर शीदादा जळत असे. "माका ह्यां जमाचा नाय," असं तो एवढ्या एकाच चित्राबद्दल म्हणाल्याचं मी ऐकलं आहे.

आणि हेच पान त्याने वाडीबाहेर जाऊ दिलं.

मुंबईच्या एका कलासंस्थेचे साहेब आले होते. सफारी सूट, गोड बोलणं, खिशात परदेशी पेन. भट्टीतली प्रत्येक भिंत त्यांनी नीट बघितली, वासाबद्दल चकार शब्द काढला नाही. मुंबईत मोठं प्रदर्शन भरवायचं होतं, आजच्या चित्रकारांच्या शेजारी ही चित्रं लावायची होती, आणि मांडणी शीदादाने करायची होती. "लोककला म्हणून वेगळ्या खोलीत नाही," साहेब म्हणाले, "एकाच भिंतीवर, बरोबरीने." या माणसाला काय ऐकायचं आहे ते त्यांना अचूक कळलं होतं. फाटक्या पानांबरोबर त्यांना मोठ्या पोथीतलं एक अखंड पान हवं होतं.

आबाने साफ नाही म्हटलं. पोथीतलं एकटं पान कधी कुठे जात नाही. शीदादा त्याच्यासमोर बसून राहिला. मी होतो तिथे.

"आबा, एकदा तरी तिका एकटी उभी रवांदे. कथा नको, हुडुक नको. नुसती भिंतीर. मोठ्या मोठ्यांच्या चित्रांच्या बाजूक. बघांदे लोकांका."

"परत इला नाय तर?"

"माज्या शब्दार धाड."

आबाने पान काढून दिलं. देताना त्याने त्या जागी एक कोरा कागद घातला.

प्रदर्शन झालं. शीदादाने मांडलेली ती भिंत बघायला मी मुंबईला गेलो होतो, आणि खोटं कशाला बोलू, तिच्यासमोर उभं राहिल्यावर बाकीच्या भिंती मला दिसल्याच नाहीत. शीदादा कोपऱ्यात हाताची घडी घालून उभा होता आणि त्या संध्याकाळी त्याने कशालाही नाव ठेवलं नाही. प्रदर्शन संपल्यावर फाटकी पानं परत आली. सीता आली नाही. आधी तिचे फोटो काढायचे होते, मग ती दिल्लीला गेली होती, मग साहेब दौऱ्यावर होते. शीदादा मुंबईला खेपा घालून आला. दर वेळी चहा, दर वेळी गोड बोलणं, आणि शेवटी त्या संस्थेतल्या सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. सरळसरळ तोंडाला पानं पुसली. नवरात्र आलं आणि वाडीची पोथी देवळात गेली नाही. गुरव बोलवायला आला होता. आबा दारात येऊन एवढंच म्हणाला, "सीता हरवली आसा, काय सांगू?" शीदादा मागच्या पडवीत बसून होता. शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

पुढच्या पावसात आम्ही दोघे बेळगावहून कागद घेऊन परत येत होतो. घाटात दरड कोसळली म्हणून एस.टी. आंबोलीला थांबवली. पाऊस आडवा मारत होता, छत्रीचा उपयोग नव्हता. रस्त्याला लागून एक नवीन लॉज झालं होतं, तिथे चहाला शिरलो. मी लघवीला म्हणून मागच्या बोळात गेलो.

'पुरुष' आणि 'स्त्रिया' अशा दोन दारांच्या मधल्या भिंतीवर सीता होती.

सोनेरी चौकटीत. वर एक पिवळा बल्ब. चौकटीच्या काचेवर, बरोबर रावणाच्या तोंडांवर, लाल चिकटपट्टीचा बाण लावलेला आणि त्याखाली 'टॉयलेट' असं लिहिलेलं. खालच्या फरशीवर ओल्या चपलांचा चिखल, फिनेलचा आणि त्याखालचा खरा वास. एक गृहस्थ पँटीची बटणं लावत बाहेर आला आणि तिच्याकडे न बघता निघून गेला. मला भडभडून आलं. चोरानेही एखाद्या वस्तूची किंमत ओळखून ती चोरलेली असते. या लोकांनी वाडीचा देव्हारा उचलून आणला आणि त्याचा रस्ता दाखवणारा फलक केला.

मी शीदादाला बोलावलं. त्याला न सांगता तसाच तिथून बाहेर घेऊन गेलो असतो तर बरं झालं असतं का, याचा मी पुढे कधी विचार केला नाही, कारण मला तेव्हा एकट्याने तिथे उभं राहवत नव्हतं. तो आला. बराच वेळ त्याने वर बघितलंच नाही, खालीच बघत होता. मग मला दिसलं तो काय बघत होता ते. चौकटीत बसावं म्हणून कोणीतरी चित्राची खालची कड कापली होती. सीतेला पाय नव्हते.

मॅनेजर धावत आला. माणूस नम्र होता. "मालकांना भेट आलंय मुंबईहून. एका साहेबांनी दिलं. ओरिजिनल ट्रायबल आहे," तो म्हणाला. "हॉलमधल्या रंगाशी मॅच होत नव्हतं, म्हणून इकडे लावलं."

"बरोबर," शीदादा शुद्ध मराठीत म्हणाला. "इथल्या वासाशी तुमचे मालक मॅच होतात. त्यांचा फोटो लावा."

त्याने चौकट खिळ्यावरून उतरवली, मागचे चुके नखांनी उपटले, पान काढून आमच्या कागदांच्या मेणकापडात गुंडाळलं आणि बाण लावलेली काच चौकटीसकट मॅनेजरच्या हातात दिली. "ह्यां तुमचां." मॅनेजर पोलिसांचं नाव घेऊ लागला. मी मास्तर आहे, मुलांवर ओरडण्याची मला सवय आहे. त्या दिवशी मी असा ओरडलो की चहा पिणारे लोक उठून उभे राहिले. काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. आम्ही पावसात रस्त्यावर येऊन उभे राहिलो, आणि पोलीस कोणी बोलावले नाहीत. बोलावले असते तर पान कुठून आलं हेही सांगावं लागलं असतं.

आबाने पान घोंगडीवर पसरून बघितलं. कुठे मिळालं ते शीदादाने काही न लपवता सांगितलं, बल्बसकट. आबा पायाच्या जागी बोट फिरवत राहिला.

"तुया नेलंस," तो म्हणाला, "आता ह्येचा काय करूचा तां तूच सांग."

मला खात्री होती की शीदादा ते भट्टीत लावणार. अर्धे मारुती, वाळवीचे रथ ज्याने जपले, तो हे कसं सोडेल? पण दुसऱ्या दिवशी तो हळदकुंकू, तांदूळ आणि नारळ घेऊन कर्लीच्या काठावर आला. नदी गढूळ, दोन्ही थड्या भरून चाललेली. मी म्हटलं, "दादा, ठेव रे. पाय नसले म्हणून काय झालं?"

"मास्तर, फाटला असता, वाळवीन खाल्ला असता, तर ठेवलंय असतंय. तां म्हातारपण. ह्येका लोकांनी बघून बघून ह्यां केलां. आता ह्येका कोणी बघूक नको."

तो गुडघाभर पाण्यात उतरला आणि पान सोडलं. ते जरासं गरगरलं आणि गेलं. आयुष्यभर ज्या रिवाजाशी तो भांडला तो त्याने स्वतःच्या हातांनी पाळला.

आबाने सांगितलं होतं, नवं पान होईल तर पोथी सांगेन, नाहीतर सगळी पोथीच नदीला देईन. पोथीत नवं पान घालायला मनाई नव्हती, जुन्यांनीही घातली होती. पण त्या सीतेच्या जागी काय काढणार? शीदादा भट्टीत जाऊन बसला. मी डोकावलो की हाकलून देई. चुरगळलेल्या कागदांच्या ढिगात, शेणात पाय पडल्यासारखं तोंड करून बसलेला तो मला दिसे. घट बसले तरी पान नव्हतं. पोथी सुरू करायची त्या दिवशी दिवेलागणीला आबा देवळात पाटावर बसला, गुरवाने समया लावल्या, आणि तेव्हा हा कापडात गुंडाळलेलं पान घेऊन आला. रंग अजून पुरता सुकला नव्हता. आबाने न बघताच कोरा कागद काढून ते जागेवर सरकवलं आणि कथा सुरू केली. शीदादा हुडुक घेऊन त्याच्या मागे बसला.

अशोकवन आलं. आबाने पान उचलून गुडघ्यावर उभं धरलं आणि तो गाता गाता थांबला.

पानात रावण नव्हता. झाडाखाली सीता बसलेली होती आणि तिची आमच्याकडे पाठ होती. या चित्रांत पाठ कोणी काढत नाही. देव असो की राक्षस, डोळा दिसलाच पाहिजे. इथे नुसता अंबाडा, ताठ पाठ, आणि खाली तळवे, बोटं जमिनीत रुतवलेली. तिच्या पाठीमागे, म्हणजे तिच्या आणि आमच्या मधे, गवताची एक काडी आडवी पडलेली. लोकांत कुजबुज सुरू झाली. मानकऱ्यांपैकी एकाने मोठ्याने विचारलं, "रावण खंय?"

आबा पानाकडे बघत राहिला. एवढा वेळ त्याने कुठलंच पान कधी धरलं नव्हतं. मग त्याने मान वर केली आणि गाणं सोडून साध्या आवाजात म्हणाला, "रावण खंय म्हणान काय विचारतंस? रावणाच्या जाग्यार तुमी बसलास. बघूक बसलास मा? तुमचां बघणां बघून तिका किळस इली. ती फिरली."

माझ्या पुढच्या बाईने पदर ओढून घेतला. मी मान खाली घातली. मागून हुडुक वाजायला लागला आणि आबाने पुढचं गायला घेतलं.

शीदादा त्यानंतर फार वर्षं राहिला नाही. कावीळ झाली, सावंतवाडीच्या दवाखान्यात ठेवला होता. खाटेसमोरच्या भिंतीवर हसऱ्या गुटगुटीत बाळाचं कॅलेंडर होतं. मी गेलो तेव्हा डोळे पिवळे, आवाज गेलेला, तरी बोट वर करून म्हणाला, "ह्या पोरग्याक थंयसून काढ. मरताना ह्यां बघीत मरूचा काय?" मी कॅलेंडर काढलं, नर्सने परत लावलं, मी परत काढलं. शेवटी ते मी पिशवीत घालून घरी आणलं आणि बंबात घातलं. त्याच आठवड्यात तो गेला.

मोठी पोथी वाडीत आहे. अजून देवळात सांगतात, आबाच्या मागे आता शीदादाचा पुतण्या सांगतो. मध्यंतरी मुंबईहून एक तरुण गृहस्थ माझा पत्ता शोधत घरी आले. फार अभ्यासू, फार नम्र. त्यांनी त्या पाठमोऱ्या सीतेबद्दल कुठेतरी ऐकलं होतं. तुमचा त्या वाडीशी घरोबा आहे, शब्द टाकाल का, म्हणाले. सगळी पोथी नको, फक्त ते एक पान, थोड्या दिवसांपुरतं. मोठ्या मोठ्या चित्रांच्या शेजारी लावायचं आहे, बरोबरीने.

आतून बायकोने कपबश्या काढल्याचा आवाज आला. मी उठून आत गेलो आणि तिला म्हटलं, ठेव त्या परत. आमच्या घरातून माणूस चहा न घेता गेला असं त्यापूर्वी कधी झालं नव्हतं.